दिवसाला दोन शिक्के

"शिक्का अर्धवट उमटलाय, तारीख वाचता येत नाहीये, परत मारून आणा." बँकेतल्या ३४ वर्षांत हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन त्याला गणती नाही. एका धोतरवाल्या आजोबांना तर ह्याच कारणावरून मी दोनदा माघारी पाठवलेलं, दुसऱ्या वेळी ते काही बोललेसुद्धा नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं, टोपी नीट केली आणि गेले. रिटायर होऊन चार वर्षं झाली, मी आजोबांना पार विसरलो होतो. ते एकदम आठवले ते गेल्या जूनमध्ये, स्पेनमध्ये, भर पावसात, एका गोठ्याच्या पत्र्याखाली उभा असताना.

झालं असं की लेक फ्रँकफर्टला असते, आम्ही दोघं दर दोन वर्षांनी जातो, बाल्कनीत बसतो, लोकांचे कुत्रे बघतो आणि परत येतो. ह्या वेळी तिने फोनवरच जाहीर केलं की बाबा, नुसतं बसून परत जायचं नाही, आपण कामिनो करूया. मला वाटलं कामिनो म्हणजे काहीतरी खायचा प्रकार. मी म्हटलं करूया की, घरी करायचा का बाहेर जाऊन? ही आणि लेक दोघी एवढ्या हसल्या की मग नाही म्हणायची सोयच उरली नाही.

तर कामिनो म्हणजे रस्ता, वाट. स्पेनच्या वायव्य टोकाला गालिसिया नावाचा प्रांत आहे, तिथल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला गावातल्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, सेंट जेम्स, म्हणजे तिकडच्या भाषेत सांतियागो, यांची समाधी आहे अशी श्रद्धा. त्यांचं शव म्हणे दगडाच्या नावेतून समुद्रमार्गे आलं, मग सगळे विसरून गेले, आणि नवव्या शतकात एका साधूला रानात आकाशातून तारे पडताना दिसले तिथे थडगं सापडलं. राजा दुसरा अल्फोन्सो स्वतः दर्शनाला आला, आणि तेव्हापासून हजारेक वर्षं लोक युरोपभरातून चालत येतायत. सगळ्यात फेमस वाट फ्रान्सच्या हद्दीतून पिरेनीज पर्वत ओलांडून येते, जवळपास ८०० किलोमीटर, महिना सहज लागतो. पण सर्टिफिकेट पाहिजे असेल तर शेवटचे १०० किलोमीटर चालले तरी पुरतात, सायकलवाल्यांना २००. बँकेच्या भाषेत मिनिमम बॅलन्स.

आणि पुरावा काय? तर क्रेदेन्सियाल. म्हणजे चक्क पासबुक. घडीचं जाड कागदाचं, आत चौकोन आखलेले, वाटेतल्या चर्चमध्ये, बारमध्ये, मुक्कामाच्या ठिकाणी शिक्का मारून घ्यायचा, खाली तारीख टाकायची. शेवटच्या १०० किलोमीटरात दिवसाला कमीत कमी दोन शिक्के. हे ऐकल्याबरोबर माझ्या अंगात काहीतरी हललं. लेकीला म्हटलं, बुक कर.

चालण्याचं काय, असं मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. रोज सकाळी आमचा बागेत ग्रुप असतो, त्यात चालणं वीस मिनिटं आणि नंतरचा चहा पन्नास मिनिटं. शिवाय मनात एक होतं की आपण वारीच्या मातीतली माणसं, आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर लोक टाळ वाजवत जातात, आपल्याला शंभराचं काय कौतुक. प्रत्यक्षात वारीतलं माझं एकूण योगदान म्हणजे पालखी पुण्यात आली की स्टाफ युनियनच्या टेबलामागे उभं राहून केळी वाटणे. पण तेवढ्यावर माणूस स्वतःला वारकरी समजायला लागतो.

बूट. बुटांबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण पुढचं सगळं महाभारत तिथून आहे. लेकीने दोन महिने आधी मेसेज केला की बाबा, ट्रेकिंगचे बूट घ्या, अर्धा नंबर मोठे घ्या आणि रोज घालून चाला म्हणजे ते मऊ होतील. मी बूट घेतले. सेलमध्ये. अर्धा नंबर मोठा सेलमध्ये नव्हता म्हणून नेहमीचाच घेतला. आणि रोज काय म्हणून घालायचे, एवढे महागाचे, नवीन आहेत तर तिकडे नवीनच घालू, म्हणून ते खोक्यात, आतल्या टिश्यू पेपरसकट, कपाटावर ठेवले. ज्या घरात पाहुण्यांसाठीचा कपबशीचा सेट वीस वर्षं पाहुण्यांनासुद्धा दिलेला नाही, त्या घरात ह्यात काही चुकलंय असं कोणालाच वाटलं नाही.

सारिया नावाच्या गावातून सुरुवात. इथून सांतियागो साधारण ११५ किलोमीटर, त्यामुळे बहुतेक सर्टिफिकेटवाले इथेच चढतात. चढतात म्हणायचं कारण पाठीमागून खरोखर ८०० किलोमीटर चालत आलेले लोक असतात, रापलेले, बॅगेवर मोजे वाळत टाकलेले, आणि ते आपल्याकडे जे बघतात ना, ते कर्जतहून बसून आलेला माणूस ठाण्याला चढणाऱ्याकडे बघतो तसं. मी लगेच नजर चुकवून रस्त्यावरचा बाण बघायला लागलो.

पिवळे बाण मात्र मानले पाहिजेत. झाडावर, दगडावर, भिंतीवर, लाइटच्या खांबावर, सगळीकडे. हे काम ओ सेब्रेइरो गावच्या एलियास वालिन्या नावाच्या पाद्रीबाबांचं. ही वाट जवळजवळ विसरल्यात जमा होती, तेव्हा १९८४ साली ह्या माणसाने पिवळा रंग घेऊन बाण काढत जायला सुरुवात केली. एक माणूस, एक डबा, एक ब्रश. आता २०२४ मध्ये जवळपास पाच लाख लोकांनी सर्टिफिकेट घेतलं. बाणांबरोबर गालिसियात दगडी खुणा पण आहेत, वर शिंपला कोरलेला आणि खाली उरलेलं अंतर. पहिल्याच खुणेवर मी एक लाख तेरा हजार काहीतरी वाचलं आणि मटकन खाली बसलो. लेक म्हणाली बाबा, इकडे दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात, ते एकशे तेरा आहे. तिसऱ्या दशांशापर्यंत अंतर देणारे लोक, म्हणजे मीटरमीटरचा हिशेब. बरं वाटलं, आपल्यातले आहेत.

पहिले दहा किलोमीटर मी अतिशय चांगला माणूस होतो. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला "ब्वेन कामिनो" म्हणत होतो, म्हणजे आपलं माऊली म्हणतात तसंच, मागे बघून, हसून, कधी कधी गाईलासुद्धा. हिचं माहेर सावंतवाडीचं, तिला तर घरी आल्यासारखंच झालं होतं. दोन्ही बाजूंना दगडाचे गडगे, मधून खोल गेलेली पाणंद, वर ओक आणि चेस्टनटची झाडं, शेणाचा वास. प्रत्येक घराशेजारी दगडी खांबांवर उचललेलं एक लांबट बुटकं खोपटं, त्याला ओर्रेओ म्हणतात, आत मका ठेवतात, उंदीर चढू नयेत म्हणून खांबांवर. ही म्हणाली आमच्याकडे लहानपणी डिसेंबरात लोक असेच घोळक्याने चालत जुन्या गोव्याला सायबाच्या फेस्ताला जायचे. मग तिला आठवलं की गोंयचो सायब, सेंट फ्रान्सिस झेवियर, हा मूळचा इथलाच, नावार्रे प्रांतातला, आणि फ्रान्सकडून येणारी ही वाट त्याच नावार्रेतून येते. म्हणजे बघा, त्यांचा माणूस आमच्याकडे जाऊन राहिलाय तर आम्ही इकडे आलो, फिटंफाट, असं ती एका स्पॅनिश बाईला मराठीत समजावत होती आणि ती बाई मान डोलावत होती.

अकराव्या किलोमीटरला उजव्या टाचेत काहीतरी गरम वाटायला लागलं. पंधराव्याला डाव्या. अठराव्याला मी कोणालाही ब्वेन कामिनो म्हणत नव्हतो. बाविसाव्याला पोर्तोमारीन आलं. हे गाव मूळचं खाली मिन्यो नदीच्या काठावर होतं, १९६० च्या दशकात धरणात गेलं, तेव्हा लोकांनी जुनं चर्च एकेका दगडावर नंबर टाकून सुटं केलं आणि वर डोंगरावर परत जोडलं, नंबर अजून दगडांवर दिसतात. एरवी ह्या नंबरिंगवर मी तासभर बोललो असतो. पण गाव वर नेलं म्हणजे पूल ओलांडल्यावर समोर एक उभा दगडी जिना येतो, २२ किलोमीटर चालून आलेल्या माणसासमोर, आणि तो जिना मी रेलिंग धरून, आडवा, खेकड्यासारखा चढलो. मागून कोणीतरी प्रेमाने "ब्वेन कामिनो" म्हणालं. मी उत्तर दिलं नाही.

मुक्काम आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा. एका हॉलमध्ये दुमजली कॉट, काउंटरवर पासपोर्ट आणि क्रेदेन्सियाल दाखवायचं, शिक्का मिळतो, आणि एक कागदी चादर आणि कागदी उशीचा अभ्रा मिळतो, जाडी साधारण पार्सलच्या डोशाखाली घालतात तेवढी. मला वरची कॉट. पायांना फोड आलेल्या माणसाने लोखंडी बारीक शिडी अनवाणी चढणे ह्यावर मी काही लिहीत नाही. रात्री दहाला दिवे बंद, हा नियम, आणि जूनमध्ये तिकडे दहाला बाहेर चक्क उजेड असतो, म्हणजे उजेडात झोपायचं आणि अंधारात उठायचं. कारण पहाटे पाचपासून लोक प्लॅस्टिकच्या पिशव्या वाजवायला लागतात. माणसाला शांततेत पिशवी भरता येत नाही हे मला पन्नाशीनंतर कळलं. आणि घोरणं! कोपऱ्यातून एक इंजिन सुरू व्हायचं, ते थांबलं की दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर, भजनाच्या बारीसारखं. सकाळी मी हिला म्हटलं डोळ्याला डोळा लागला नाही. ती म्हणाली हो का, खालच्या कॉटवरचा इटालियन तुमच्यामुळे बारा वाजता गादी घेऊन स्वयंपाकघरात गेला. ह्यात तथ्य नाही.

त्या रात्री फोड बघितले. टाचेवर रुपयाच्या जुन्या नाण्याएवढा एक, आत पाणी हलताना दिसत होतं, आणि करंगळी तर करंगळी राहिलीच नव्हती, पिकलेलं करवंद झालं होतं. आणि लगेच आजूबाजूला डॉक्टर जमा झाले. कामिनोवर प्रत्येक माणूस फोडांचा स्पेशालिस्ट असतो. एक म्हणे फोडा, एक म्हणे हात लावू नका, एका कोरियन काकांनी खुणेने दाखवलं की सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढायचा आणि दोरा आतच ठेवायचा म्हणजे पाणी झिरपून जातं. हे ऐकून हिचे डोळे चमकले. साडीचा फॉल लावायची सुई आणि हिरवा दोरा तिच्याकडे असतोच, कुठेही जाताना. दहा मिनिटांत माझ्या दोन्ही टाचांना फॉल लागला. दुसऱ्या दिवशी पालास दे रेईच्या फार्मसीतल्या बाईंनी तो हिरवा दोरा बघितला आणि "नो, नो, नो" म्हणत कपाळावर हात मारून घेतला. इन्फेक्शन होतं म्हणे. तो काढून, साफ करून, जेलची जाड पट्टी लावून दिली, आणि माझ्या बुटांकडे बोट दाखवून असं काही बोलल्या की भाषा कळायची गरज नव्हती. तिथून पुढे मी मोज्यांवर फ्लोटर्स घालून चाललो. बूट बॅगेला बाहेरून बांधले. म्हणजे शेवटी खोक्यातनं निघून ते पाठीवरच गेले.

जेवणाचं पण सांगितलं पाहिजे. आम्ही तसे शाकाहारी, अंडं बाहेर चालतं, घरात नाही. मेनूवर "सँडविच व्हेजिटल" दिसलं, आनंदाने मागवलं, आत टूना मासा. बाईंना विचारलं तर म्हणाल्या हो व्हेजिटल, मांस कुठाय ह्यात? मिक्स सॅलड मागवलं, वर टूना. भाजीचं सूप म्हणून काल्दो गायेगो मागवलं, पालेभाजी, बटाटे, बीन्स, सगळं आपलं, आणि तळाशी डुकराचा तुकडा बुडी मारून बसलेला. बरं, रात्रीचं जेवण म्हणाल तर साडेआठच्या आत किचन उघडत नाही आणि दहाला तर दिवे बंद. शेवटी तोर्तियावर दिवस काढले, बटाट्याची भाजी अंड्यात लपवली की तोर्तिया, त्यावर हिने आणलेली शेंगदाण्याची चटणी. पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या मात्र झकास, नुसत्या तेलात परतून वर खडेमीठ, बऱ्याचशा गोड निघतात आणि एखादीच तिखट. ती एखादी लेकीच्या ऑस्ट्रियन मैत्रिणीला आली. आम्हाला एकही नाही, आणि ही पूर्ण वेळ ह्याच गोष्टीवर नाराज होती. मेलिदे गाव ऑक्टोपससाठी प्रसिद्ध, मोठ्या तांब्याच्या हंड्यात उकळतात, कात्रीने कचाकचा कापून लाकडी ताटलीत, तेल आणि लाल तिखट घालून. लेकीने खाल्लं. मी हंडा बघितला, कल्हई चांगली होती.

आता मुद्द्यावर येतो. शिक्के.

दिवसाला दोन पाहिजेत, मी सात-आठ घेत होतो. पायांची ही अवस्था असताना शंभर पावलं आडवाटेला चर्च दिसलं तरी मी लंगडत जाऊन शिक्का घेऊन यायचो. रोज रात्री कॉटवर बसून तारखेनुसार टॅली. ही दिवसाला मोजून दोन घ्यायची, कधी कधी तेही लेक आठवण करायची तेव्हा. मी तिला दहादा सांगितलं की बाई गं, मार्जिन ठेव, एखादा रिजेक्ट झाला तर? तिने विचारलं, कोण करणार रिजेक्ट? मला हसूच आलं. शिक्क्याच्या जगात काय काय होऊ शकतं हे तिला काय माहीत.

आणि तिसऱ्या दिवशी तेच झालं. गालिसियात एक बारीक पाऊस असतो, ओर्बायो म्हणतात, दिसत नाही, आवाज नाही, पण दोन तासांत आतपर्यंत भिजवतो. बॅगेवरून पोंचो घातला की सगळी मंडळी उंटांच्या तांड्यासारखी दिसतात. मी क्रेदेन्सियाल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवत असे, पण मेलिदेच्या अलीकडे एका बारमध्ये शिक्का घेतला आणि शाई ओली होती म्हणून पिशवीत न घालता, वाळावा म्हणून, हातात धरून चाललो. पावसात. हे मी केलं. ३४ वर्षं स्टॅम्प पॅड सांभाळलेल्या माणसाने. पुढे एका गोठ्याच्या पत्र्याखाली थांबून बघतो तर शिक्क्याचा निळा ढग झालेला, तारीख गेलेली, आणि त्याच ओळीतल्या आधीच्या तीन शिक्क्यांचीही वाट लागलेली. त्या दिवसाचा वाचता येईल असा शिक्का एकच. आत दोन गाई रवंथ करत माझ्याकडे बघत होत्या. आणि तेव्हा, त्या पत्र्याखाली, ते आजोबा आले. टोपी नीट करत.

मी परत फिरायचं म्हणालो. दीड किलोमीटर मागे जाऊन परत मारून आणतो. लेक म्हणाली बाबा तुम्हाला पुढे चालता येत नाहीये. ही म्हणाली जाऊ देत त्यांना, त्यांच्या पापाचं काय असेल ते फेडू देत. शेवटी त्या दिवशी आर्सुआत आल्बेर्गेवाल्याकडून एक आणि शेजारच्या चर्चमधून एक, असे दोन जादाचे घेतले, तारखा स्वतः जोर देऊन लिहायला लावल्या. तरी ती निळी ओळ डोक्यातनं जाईना. रात्री स्वप्नात कोणीतरी काउंटरवरून म्हणत होतं, उद्या या.

पुढचे दोन दिवस निलगिरीच्या रानातून गेले, सगळीकडे सर्दीच्या मलमाचा वास, ते एक बरं होतं. एका वळणावर कोणीतरी टेबल मांडून केळी ठेवली होती, शेजारी डबा, वाटेल ते टाका. मी केळं घेतलं. टेबलामागच्या पोराने माझ्या फ्लोटर्सकडे बघून अजून एक दिलं. लाबाकोया नावाच्या गावाजवळ जुन्या काळी यात्रेकरू ओढ्यात अंघोळ करून शुद्ध व्हायचे, आता तिथे शेजारी विमानतळ आहे, डोक्यावरून विमान जातं आणि त्यातली माणसं वीस मिनिटांत कॅथेड्रलला पोचणार असतात, मस्त मोजे घातलेली. मग मोन्ते दो गोसो, म्हणजे आनंदाची टेकडी, तिथून पहिल्यांदा कॅथेड्रलचे मनोरे दिसतात. ही थांबली, हात जोडले. मी खाली बसलो, मलाही आनंद झाला, पण तो बसण्याचा होता.

ओब्रादोइरो चौकात पोचलो तर लोक दगडी फरशीवर आडवे, कोणी रडतंय, कोणी नुसतं आकाशाकडे बघतंय. मीही आडवा झालो. आतमध्ये वेदीमागून जाऊन संताच्या मूर्तीला मिठी मारायची प्रथा आहे, ती केली. बोताफुमेइरो म्हणून मोठं धूपपात्र छताला टांगून आठ माणसं दोरीने झुलवतात, ५३ किलोचं, पण ते ठरावीक सणांनाच किंवा कोणी देणगी दिली तर. आमच्या वेळी नव्हतं. यात्रेकरूंच्या अंगाचा वास जावा म्हणून सुरू केलं म्हणतात, आणि त्या दिवशी त्याची गरज होती. इथेच बाराव्या शतकातली एक हस्तलिखित पोथी आहे, कोडेक्स कॅलिक्स्टिनस, त्यात ह्या वाटेचं गाइडसुद्धा आहे. २०११ मध्ये ती कॅथेड्रलमधून चोरीला गेली आणि वर्षभराने एका गॅरेजमध्ये सापडली, चोर कोण तर तिथेच पूर्वी काम केलेला इलेक्ट्रिशियन. मी लेकीला विचारलं, किल्ल्या जॉइंट कस्टडीत नव्हत्या का? तिने उत्तर दिलं नाही.

मग यात्रेकरूंचं ऑफिस. दारात क्यूआर कोड, नाव-गाव भरायचं, टोकन नंबर मिळतो, वर स्क्रीनवर नंबर लागतो. टोकन हातात घेऊन खुर्चीवर बसलो आणि तळव्याला घाम आला. आयुष्यात पहिल्यांदा काउंटरच्या ह्या बाजूला, खराब कागद घेऊन. मी मनातल्या मनात अर्ज तयार करत होतो, सदर शिक्का पावसामुळे, सोबत दोन साक्षीदार. फॉर्मवर विचारलं होतं, यात्रेचं कारण काय, धार्मिक, आध्यात्मिक की दुसरं काही. हिने धार्मिकवर टिक केली, लेकीने आध्यात्मिकवर. मीही आध्यात्मिकवरच केली आणि शेजारी शिक्के असं लिहायला जागा शोधत होतो, नव्हती.

नंबर लागला. काउंटरवर विशीतली एक स्वयंसेवक मुलगी. मी क्रेदेन्सियाल पुढे केलं, निळ्या ढगावर सहज अंगठा ठेवून. तिने ते काढून घेतलं, पहिला शिक्का बघितला, शेवटचा बघितला, मधलं पान एकदा नुसतं उलटलं, "सारिया? व्हेरी गुड," म्हणाली आणि लॅटिनमधल्या सर्टिफिकेटवर माझं नाव लिहायला लागली.

मी थांबवलं तिला. म्हटलं मॅडम, ही ओळ बघा ना. तिने बघितली. मी म्हटलं तारीख वाचता येत नाहीये. ती हसून म्हणाली, पाऊस ना, सगळ्यांचंच होतं.

सगळ्यांचंच होतं! म्हणजे ४१ शिक्के मी काय उगाच घेतले? बाहेर येऊन मी हिला अर्धा तास समजावत होतो की हे बरोबर नाही, कंट्रोल्स म्हणून काही असतात, आमच्या ब्रँचला असा कागद कधीही पास झाला नसता. हिच्याकडे ११ शिक्के होते आणि तेच सर्टिफिकेट, तीच शाई. तिने दोन्ही सर्टिफिकेटं नळीत घातली, झाकण लावलं आणि म्हणाली, "अहो, साडेआठला किचन उघडेल, तोपर्यंत तुमच्यासाठी चपला बघूया. आणि ते बूट आता तरी टाका."

टाकले नाहीत. परत टिश्यू पेपर घालून खोक्यात ठेवलेत. नवीनच आहेत जवळपास.